खांब रोवण्याआधी एक खड्डा

आमच्या घरची सगळ्यात चांगली जमीन म्हणजे ओढ्याकडेची तळाची पट्टी. काळीभोर, कोपरापर्यंत हात घातला तरी माती लागते. आजोबांनी तिथं शाळू काढला, वडिलांनी डाळिंब लावलं, आणि डाळिंब तेल्या रोगानं गेल्यावर २०१९ साली मी त्याच पट्टीत ड्रॅगन फ्रूटचे ६० खांब उभे केले. वर माथ्याला दीड एकर बरड पडून होता. कुसळी गवताशिवाय तिथं काही येत नाही, म्हणून त्याच्याकडं कुणी बघितलंही नाही. मी सहज विषय काढला तर शेजारचे तात्या म्हणाले, "चांगलं रान सोडून त्या बरडावर मरायला कशाला जातूस?" रोपं देणाऱ्यानं तर सांगूनच टाकलं होतं, "निवडुंगच आहे हो, कुठंही लावा, मरत नाही."

ऑक्टोबर २०२० च्या परतीच्या पावसात त्या पट्टीत तीन दिवस पाणी उभं राहिलं. दिवाळीपर्यंत ३८ खांबांवरच्या वेली बुंध्याकडून मऊ पडल्या. बोटानं दाबलं की पिवळं पाणी यायचं आणि हातात मधली काडी तेवढी राहायची.

तेव्हापासून आटपाडी, जत, माण, खटाव भागातला कुणी "आपल्याकडं येतंय का हे पीक?" म्हणून विचारायला आला की मी उलट विचारतो, रानातल्या कुठल्या तुकड्यात लावताय? तालुक्याच्या हवामानावरून अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं तुमच्या बांधाच्या आत, दीड फूट खोलवर असतं.

वाळवंटातला नव्हे, झाडावरचा

ड्रॅगन फ्रूट निवडुंगाच्या कुळातलं आहे हे खरं. पण निवडुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बांधावरचा फड्या येतो आणि तिथंच घोटाळा होतो. हा वेल मूळचा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलातला. तिथं तो मोठ्या झाडांच्या खोडाला मुळ्या चिकटवून वर चढतो आणि सालीच्या बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यावर जगतो. डोक्यावर पानांची विरळ सावली, मुळाशी भुसभुशीत कुजलेला पाला, आणि पाऊस पडला की क्षणात निथळून जाणारं पाणी. त्याच्या सवयी अशा घरात घडलेल्या आहेत.

हे पटायला लांब जायची गरज नाही. आपल्याकडं घरोघरी कुंडीत ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, ते याचंच चुलत भावंड. पावसाळ्यात एखाद्या रात्री ते फुलतं, गल्लीतल्या बायका बघायला येतात आणि सकाळी फूल मान टाकतं. ती कुंडी मे महिन्यात गच्चीवर भर उन्हात ठेवली तर काय होतं, हे ज्यांच्या घरी ती आहे त्यांना विचारा. ड्रॅगन फ्रूट तिच्यापेक्षा काटक आहे, पण स्वभाव तोच. फूलही तसंच संध्याकाळी उमलायला लागतं, रात्री पूर्ण उघडतं, सकाळी मिटतं. मूळ देशात त्याचं परागीभवन वटवाघळं आणि मोठे पतंग करतात. आपल्याकडं पहाटे मधमाश्या येतात, पण काही लाल गराच्या जातींना दुसऱ्या जातीचे पराग लागतात. ते माणसानं ब्रशनं लावावे लागतात.

म्हणजे याला पाणी कमी लागतं, पण अजिबात लागत नाही असं नाही. ऊन लागतं, पण उघड्यावरचं एप्रिल-मेचं ऊन नको. आणि उभं पाणी तर मुळीच नको. जमीन आणि हवामान तपासायचं म्हणजे या तीन गोष्टी आपल्या तुकड्यात कशा जुळतात ते बघायचं.

हवामान: आठ महिने सोयरं, दोन महिने वैरी

बहुतेक झाडं दिवसा आपली सूक्ष्म छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्याच वाटेनं त्यांचं पाणी उडून जातं. ड्रॅगन फ्रूट ही छिद्रं दिवसा मिटून घेतं आणि रात्री उघडतं. रात्री हवा गार आणि दमट असल्यानं पाणी कमी उडतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ते आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा दारं बंद करून, उन्हाच्या जोरावर त्याचं अन्न बनवतं. कमी पाण्यात ते तगतं ते यामुळं. म्हणून या पिकासाठी दिवसाच्या तापमानाइतकंच रात्रीचं तापमान महत्त्वाचं. दिवसा ३० आणि रात्री २० अंशांच्या आसपास ते सगळ्यात खुशीत असतं.

आता आपल्या दुष्काळी पट्ट्याचं वर्ष डोळ्यांपुढं आणा. जूनअखेर ते सप्टेंबर ढगाळ हवा, दिवसा तिशीच्या आसपास, रात्री विशीच्या. अगदी मागून घेतल्यासारखं हवामान. आणि याच महिन्यांत फुलं-फळं येतात, कारण हे पीक मोठ्या दिवसाला फुलतं. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस तेरा तासांच्या थोडा वर जातो. फूल उमलल्यापासून साधारण महिनाभरात फळ तयार होतं आणि असे अनेक तोडे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालतात. थंडीची काळजी करू नका. माण-खटावला पारा ८-१० अंशांपर्यंत उतरला तर वाढ थांबते, एवढंच.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. जत-आटपाडीकडं पारा चाळिशी ओलांडतो. इतर झाडं दुपारी पानांतून पाणी सोडून, म्हणजे घाम गाळून अंग गार ठेवतात. याची तर दारंच बंद! घाम येत नाही, त्यामुळं मांसल फांदी हवेपेक्षाही जास्त तापते. मग फांदीच्या दक्षिण-पश्चिम बाजूला आधी फिकट पिवळा, नंतर पांढरट तपकिरी डाग पडतो. हा रोग नव्हे, भाजणं आहे, त्याला औषध फवारून काही होत नाही. पण वळवाचा पहिला पाऊस पडला की त्याच भाजलेल्या जागेतून बुरशी आत शिरते आणि जूनमध्ये फांद्या कुजायला लागतात. शेतकरी पावसाला दोष देतो. घाव मात्र एप्रिलातला असतो.

म्हणून तुकडा निवडताना मी एक साधं काम सांगतो. एप्रिलमध्ये दुपारी दोन-तीन वाजता त्या तुकड्यात जाऊन पाच मिनिटं उभे राहा. पश्चिमेला झाडं आहेत का, टेकाडाची सावली कधी येते, खडकाळ उघड्या उतारावरून तोंडावर झळ येते का, हे बघा. पश्चिम उतारावरचा उघडा मुरूम म्हणजे तापलेला तवा. तिथं लावायचंच असेल तर सावलीचा खर्च आधीच हिशोबात धरा. तीस ते पन्नास टक्क्यांची शेडनेट, पश्चिमेच्या बाजूनं शेवगा किंवा हादगा, नाहीतर डाळिंबवाल्यांसारख्या जुन्या साड्या. मी साड्याच बांधतो. मार्चअखेर माळावर रंगीबेरंगी वाळवण घातल्यासारखं दिसतं आणि रस्त्यानं जाणारे हसतात. पाऊस लागला की त्या काढाव्या लागतात, कारण फुलं यायला मोकळा उजेड हवा.

पाऊस किती यापेक्षा कसा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यातल्या दहिवडीला त्याचा दहावा हिस्साही येत नाही. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात आणि आपल्याकडं वारा तेवढा येतो. माण, आटपाडी, जत या पट्ट्यात ढोबळमानानं पाचशे मिलिमीटरच्या आसपास धरा.

पाचशे म्हणजे थोडं वाटतं. पण १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे ४,००० लिटर, म्हणजे पाचशेचे झाले २० लाख लिटर. आता पिकाची गरज बघू. दहा बाय दहा फुटांवर खांब घेतले तर एकरात साधारण ४४० खांब बसतात, प्रत्येक खांबाला चार वेली. हिशोबापुरतं धरू की मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दिवसाआड खांबाला ८ लिटर द्यायचे. एका वेळेला साडेतीन हजार लिटर, अशा ५० च्या वर पाळ्या. सगळं मिळून एक लाख ऐंशी-पंच्याऐंशी हजार. दोन लाखच म्हणा. पावसाच्या २० लाखांपुढं हे काहीच नाही. अडचण अशी की ते २० लाख नको तेव्हा येतात. आपल्या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जोराचा, कधी वर्षाचा निम्मा पाऊस आठ-दहा दिवसांत. आणि मे महिन्यात घागर भरायची मारामार.

त्यामुळं लागवडीआधी सरासरी पावसाचा आकडा पाठ करण्यापेक्षा दोन गोष्टींची उत्तरं शोधा. गेल्या पाच-सहा वर्षांतल्या सगळ्यात वाईट मे महिन्यात तुमच्या विहिरीत किती पाणी होतं? आणि सगळ्यात मोठ्या पावसात या तुकड्यात पाणी किती वेळ थांबलं? दुसऱ्याचं उत्तर मी विचारलंच नव्हतं. घरात वडील होते, त्यांना माहीत होतं.

शेततळं असेल तर १५ बाय १५ मीटर आणि ३ मीटर खोल या मापात ६ लाख ७५ हजार लिटर मावतात असं कागदावर वाटतं. कडा एकास एक उताराच्या असतील तर तळ ९ बाय ९ मीटरच उरतो आणि मावतात ४ लाख ४० हजार. त्यातून उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी नुसतं हवेत जातं. तरीही फेब्रुवारीअखेर तळं भरलेलं असेल तर एक एकर निघून जातो. टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन येतं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनीही ही साठवण करावी. आवर्तन कॅनॉलला सुटतं तेव्हा सुटतं, आपल्या वेलीच्या तहानेचं वेळापत्रक बघून सुटत नाही.

आता खड्डा

या पिकाच्या बहुतेक मुळ्या वरच्या एक-सव्वा फुटात असतात. खाली किती खोल माती आहे याचं त्याला कौतुक नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या जमिनीची किंमत खोलीवर करत आलो, ऊस आणि शाळूसाठी ते बरोबरही आहे. इथं गणित उलटं होतं.

रान माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत या. एकाच गट नंबरात तीन जमिनी भेटतात. माथ्याला हलका मुरमाड बरड, मधल्या उतरणीला तांबूस-करडी मध्यम माती, तळाला वाहून आलेली काळी. तिन्ही ठिकाणी एक फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्या. संध्याकाळी त्यात काठोकाठ पाणी भरा, तीन बादल्या लागतील. हे पाणी आजूबाजूची माती भिजवण्यासाठी, त्यावरून काही ठरवायचं नाही. सकाळी पुन्हा भरा, काडीवर खूण करा आणि तासानं मोजा. तासाला एक इंचाहून कमी उतरलं तर निचरा वाईट. एक ते चार इंच उतरलं तर उत्तम. चार इंचांहून जास्त पळालं तर चाळणी आहे, पण या पिकाला ती चालते. शेणखत जास्त घालायचं आणि पाणी थोडं थोडं, वरचेवर द्यायचं. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसलं तर तिथं आपलं नेहमीचं पीक बरं.

माझ्या तळाच्या पट्टीत हा खड्डा मी घेतला तो नुकसान झाल्यावर. दुसऱ्या भरणीचं पाणी तासात अर्धा इंच उतरलं. काळ्या मातीतली चिकण पाणी प्यायली की फुगते आणि स्वतःचीच भोकं बुजवते. मुळ्यांना हवा मिळत नाही आणि कुज्या रोगाच्या बुरशीला मोकळं रान मिळतं. माथ्यावरच्या बरडात तेच पाणी तासात तीन इंच उतरलं. वाचलेल्या वेलींचे तुकडे मी तिथं लावले आणि आता बाग तिथंच आहे.

खड्ड्यातून निघालेली माती फेकू नका. मूठभर ओली करून मळा, अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत तिची पट्टी काढा. इंचभर होण्याआधी तुटली तर हलकी. दोन इंचांहून लांब पट्टी न तुटता लोंबली तर भारी चिकण. हे करायला प्रयोगशाळा लागत नाही.

खड्ड्याच्या भिंतीवर पांढरे ठिपके किंवा खडे दिसतात का बघा. तो चुना. त्यावर पातळ आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफसतो, घरी लिंबू पिळूनही अंदाज येतो. आपल्याकडं मातीचा सामू (पीएच) साडेसात ते साडेआठच्या दरम्यान सर्रास असतो. या पिकाला साडेपाच ते सात मानवतो आणि आठपर्यंत ते कसंबसं ओढून नेतं. चुना जास्त असला की लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही, आणि नवे फुटवे पिवळे निघतात. अशा वेळी "गंधक टाका, सामू उतरेल" असा सल्ला हमखास मिळतो. जरा आकडेमोड करा. एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात माती सुमारे ९ लाख किलो. त्यात ५ टक्के चुना म्हणजे ४५ टन. तो संपवायला १४ टनांच्या वर गंधक लागेल. बॅगभर गंधकानं शिवारातला चुना हलत नाही. त्यापेक्षा खांबाभोवतीची माती बदलणं स्वस्त पडतं. मुळ्या वरवरच्या असल्यानं चार फूट रुंद, दीड फूट उंच वरंबा करून त्यात मुरूम, पोयटा आणि कुजलेलं शेणखत भरलं की वेल खालच्या चुनखडीकडं फारसा जात नाही. मध्यम निचऱ्याच्या जमिनीलाही हाच उतारा. चोपण, म्हणजे सोडियमच्या क्षारानं घट्ट झालेल्या जमिनीला मात्र वरंब्यानं भागत नाही, तिथं हे पीक नकोच.

बरडावरही आंधळेपणानं जाऊ नका. फूटभर मुरमाखाली अखंड कातळ असेल तर दोन अडचणी येतात. पावसाचं पाणी कातळावर ताटात साठल्यासारखं साठतं, आणि खांब रोवायला जागा मिळत नाही. पाच-सहा फूट उंच खांब किमान दोन फूट जमिनीत हवा. मोठ्या झालेल्या चार वेलींचं ओझं क्विंटलभर भरतं आणि ते सगळं खांबाच्या डोक्यावरच्या गोल चक्राला लोंबतं. वळवाच्या वावटळीत असा खांब आडवा झाला की चार वर्षांची मेहनत मातीत जाते. पहार मारून बघा. मुरूम फुटत फुटत खाली गेली तर ठीक, ठण्ण करून उसळली तर तो भाग सोडा. बारामतीजवळ माळेगावला केंद्र सरकारची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, २००९ साली सुरू झालेली. तिथलं रानही असंच उथळ मुरमाड आणि खडकाळ, आणि त्यावर ड्रॅगन फ्रूटचं काम झालेलं आहे. शिवारफेरीला जायचं असेल तर आपल्या भागाला ती जागा जवळची आणि खरी.

माती तपासायला देणारच असाल तर तिन्ही तुकड्यांचे नमुने वेगळे द्या, एकत्र कालवू नका. आणि खताच्या रिकाम्या पोत्यातून माती नेऊ नका, अहवालात खतच उतरतं. जुनी डाळिंबाची बाग असेल तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक किडेही तपासून घ्या. बोअरचं पाणी द्यायचं असेल तर तेही बाटली भरून द्या. पाण्याची क्षारता (अहवालात ईसी, डेसीसायमन प्रति मीटर) ०.७५ च्या आत असेल तर बिनधास्त वापरा, २.२५ च्या वर असेल तर त्यावर बाग उभी करू नका. ड्रिपरच्या तोंडाला पांढरं कवच धरत असेल तर अर्धं उत्तर घरीच मिळालं.

एवढं सगळं जुळलं तरी पहिल्याच वर्षी ४४० खांब मागवू नका. ज्या दोन-तीन जागा पास झाल्या, तिथं चार-चार खांब जूनमध्ये उभे करा आणि पुढच्या जूनपर्यंत थांबा. त्या आठ-बारा खांबांनी परतीचा पाऊसही बघितलेला असेल आणि मेचं ऊनही. सिमेंटचे खांब आणि चक्रं वर्षभर उशिरा घेतल्यानं काही बिघडत नाही.

गेल्या आठवड्यात तात्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या विहिरीजवळच्या काळ्या तुकड्यात त्यांनी खड्डा घेतला होता, शेजारी बादली, आत खूण केलेली तुरकाठी. उकिडवे बसून तासभर पाण्याकडं बघत होते. बोटभरही उतरलं नाही. "मग हितं शाळूच बरा," असं म्हणत त्यांनी गुडघ्यावर हात टेकवून उठून पहार खांद्यावर टाकली आणि माथ्याकडं चालायला लागले.